एक इंच खाली

उंची वाढावी म्हणून माणसाने काय काय नाही केले? टाचेचे बूट घातले, घरावर मजला चढवला, लग्नपत्रिकेत नावापुढे पदव्यांची रांग लावली. वर चढण्यासाठी खर्च करायचा असतो हे आमच्या पिढीला ठाऊक होते. पण चांगली चालती मोटार जमिनीकडे दोन इंच खाली आणण्यासाठी साठवलेले पैसे मोडायचे, हे प्रकरण समजून घ्यायला मला 2024 चा अख्खा हिवाळा लागला.

मी मूळचा बेळगावचा, शहापूरचा. 1984 साली नोकरीसाठी बडोद्याला आलो तो इथलाच झालो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात, तपासणी विभागात, चौतीस वर्षे काढली. म्हणजे दुसऱ्याने केलेला माल मापात आहे की नाही, हे बघण्यात आयुष्य गेले. दोन भाषांच्या घराचे नवल आपल्या वाचकांना सांगायला नकोच. बेळगावात आमची भाजी कानडीत विकत घेतली जायची आणि मराठीत शिजायची. इथे दळण गुजरातीत दिले जाते आणि पोळ्या मराठीत लाटल्या जातात. आई बेळगावहून येताना कानडीतले जे चार-दोन शब्द घेऊन आली, त्यातला एक आमच्या घरात पक्का रुजला. साकु. म्हणजे पुरे. ताटात आणखी एक पोळी पडू लागली की आडवा हात करून ती म्हणते, "साकु." मग ब्रह्मदेव आला तरी पोळी पडत नाही.

तर आमच्या घरात एकच मोटार आहे, 2002 सालची मारुती झेन. पंधरा वर्षांची नोंदणी 2017 साली संपली, तेव्हा तपासणी करून पाच वर्षे वाढवून घेतली. 2022 ला पुन्हा वाढवली. आता पुढची पाळी 2027 ची. या गाडीने बायकोला शाळेत सोडले, चिरंजीवांना बोर्डाच्या परीक्षेला नेले, 2018 च्या फेब्रुवारीत बडोद्याला साहित्य संमेलन भरले तेव्हा घरी उतरलेल्या पाहुण्यांना फिरवले, आणि अलीकडची काही वर्षे आईला दवाखान्यात नेण्याचे तिचे मुख्य काम आहे. आईला आता ब्याऐंशी पुरी झाली.

चिरंजीव चोवीस वर्षांचे. पहिल्या नोकरीतून त्यांनी 40,000 रुपये बाजूला टाकले होते. मला वाटले, सोन्याचे वळे नाहीतर बँकेत ठेव. एका रविवारी चहा घेताना ते म्हणाले, "बाबा, झेन दोन इंच खाली घ्यायचीय. स्प्रिंगा, चाकं, टायर. सगळं चाळीस हजारात बसवायचंय."

या गावात मुलांच्या डोक्यात मोटार शिरली तर दोष कोणाला द्यायचा? कारागिरीचे वेड इथे जुने आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले. देशी भाषेत तंत्रशिक्षण मिळावे हा त्यामागचा एक हेतू होता. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. 1996 पासून हालोलच्या कारखान्यात जनरल मोटर्सची ओपेल अ‍ॅस्ट्रा बनू लागली. ती कंपनी 2017 साली तिथून गेली आणि 2019 पासून त्याच जागेतून एमजीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. वाघोडिया तालुक्यातल्या लिमड्याला 1991 पासून अपोलोचा टायर कारखाना आहे. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. चिरंजीव तिथून दोनशे फोटो काढून आले, आणि त्यातले निम्मे जमिनीलगत बसलेल्या लांबलचक गाड्यांचे होते. रोगाची लागण तिथली असावी.

माझी पहिली हरकत पाण्याची होती. ऑगस्ट 2024 चा पूर तेव्हा ताजा होता. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 25 फूट. नदी ती ओलांडून कितीतरी वर गेली आणि निम्मे शहर पाण्यात बसले. आमच्या गल्लीत चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आले होते. त्याआधी 31 जुलै 2019 ला एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला होता, तोही कोणी विसरले नव्हते. सगळे शहर उंच गाड्यांच्या चौकशीत असताना आमचा मुलगा गाडी खाली घ्यायला निघाला होता. मी म्हणालो, "आजीला रात्री-अपरात्री न्यायची वेळ आली आणि गाडी गतिरोधकावर अडकली तर?"

तो म्हणाला, "त्या पुरात तुमची उंच गाडी तरी कुठं निघाली होती?"

हे खरे होते. पण खरे असणे आणि पुरेसे असणे यांत फरक आहे. मी त्याला नाही म्हटले नाही. एवढेच म्हणालो, की मापात बसत असेल तर करू.

पहिल्यांदा आम्ही त्याच्या माहितीतल्या एका गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री मोठा मोकळ्या मनाचा माणूस. गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, आमां शुं छे? बे आंटा कापी नाखीए. चाली जशे." दोन वेढे कापून टाकू, चालून जाईल. खर्च मजुरीचा तेवढा. नवी स्प्रिंग नको, काही नको. कोपऱ्यात गॅसचा बर्नर तयारच होता.

"चाली जशे" हा शब्द मला मनापासून आवडतो. या शब्दावर गुजरातने व्यापार केला, भांडणे मिटवली, लग्ने जमवली. आपल्या "चालतंय की"चाच तो सख्खा भाऊ. पण तपासणी विभागात या शब्दाला दाराबाहेर चपलांजवळ बसवावे लागते. चिरंजीवांचे डोळे मात्र लकाकले होते, कारण चाळीस हजारांतले स्प्रिंगांचे पैसे वाचत होते. म्हणून त्याला घरी आणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

स्प्रिंग म्हणजे वळलेली तार. जितके वेढे कमी, तितकी ती कडक. समजा काम करणारे सहा वेढे आहेत आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग सहास पाच या प्रमाणात, म्हणजे 20 टक्क्यांनी कडक होते. दोन कापले तर दीडपट. गाडी खाली येते खरी, पण जुना शॉकअ‍ॅब्सॉर्बर पहिल्या स्प्रिंगच्या जोराच्या हिशेबाने बनवलेला असतो. या नव्या जोराला तो आवरू शकत नाही आणि गाडी उड्या मारते. शिवाय चाकाला वर येण्यासाठी ठेवलेली जागा आधीच खाऊन टाकलेली असते. मोठा खड्डा आला की दांडा रबराच्या थांब्यावर आदळतो आणि तो धक्का थेट माणसाच्या मणक्यात जातो.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. स्प्रिंगचे टोक तिच्या बैठकीत बसेल असे घडवलेले असते. कापलेले टोक तसे बसत नाही. चाक खाली लोंबकळले, म्हणजे जॅक लावला किंवा गाडी उंचवट्यावरून उडाली, की आखूड स्प्रिंग बैठकीत सैल होते आणि परत बसताना भलतीकडेच बसू शकते. तिसरी गोष्ट आगीची. स्प्रिंगचे पोलाद तापवून, झटकन थंड करून, पुन्हा बेताने तापवून तयार केलेले असते. त्या पाण्यावरच तिचा स्वभाव ठरतो. गॅसच्या ज्योतीने कापले की आसपासच्या भागाचे पाणी उतरते. तिथे ती पुढे दबते किंवा तुटते. कधी, ते सांगत नाही.

"मग नवीच वळवून घ्यायची," चिरंजीव म्हणाले. आता आम्ही एका भाषेत बोलू लागलो होतो.

नव्या स्प्रिंगचे गणित आणखी गमतीचे आहे. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 10 मिलिमीटरच्या जागी साडेदहाची तार घेतली, तर दिसायला फरक केसाएवढा, पण कडकपणा 21 टक्क्यांच्या वर वाढतो. म्हणजे "जरा जाड घाला" असे सांगून स्प्रिंग वळवून घेता येत नाही. आधी गाडी किती खाली हवी, भरल्यावर ती किती दबावी, हे ठरवावे लागते. त्यासाठी मोजमाप हवे.

म्हणून डिसेंबरच्या एका सकाळी सोसायटीच्या मोकळ्या जागेत आम्ही गाडी मोजायला काढली. कंपनीच्या आकड्याप्रमाणे झेनच्या पोटाखाली 165 मिलिमीटर जागा. आमची भरली 156. बावीस वर्षांत गाडी वयाने आपणहून नऊ मिलिमीटर खाली आली होती. "बघ, निम्मं काम फुकटात झालंय," बायको म्हणाली. मग आम्ही आईला पुढे बसवले, मागे बायको, शेजारच्या काकू आणि त्यांचा नातू, स्टिअरिंगवर चिरंजीव. मी पट्टी घेऊन जमिनीवर आडवा. आई खिडकीतून विचारत होती, "काय सापडलं काय रे खाली?" पाच माणसांनी गाडी 32 मिलिमीटर दबली. उरले 124.

नंतर गतिरोधक मोजले. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली, ती इथे सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे बांधलेला गोलसर गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच असतो, पण रुंदीला 3.7 मीटर असतो. झेनच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर 2335 मिलिमीटर. म्हणजे दोन्ही चाके एकाच वेळी त्या उंचवट्यावर चढलेली असतात आणि पोटाला मध्यभागी लागणारी जागा जेमतेम 4 सेंटीमीटर. असा गतिरोधक खाली घेतलेल्या गाडीलाही त्रास देत नाही. त्रास देतो तो आपल्या सोसायट्यांनी उरलेल्या सिमेंटात हौसेने घातलेला बांध. आमच्या फाटकातला 9 सेंटीमीटर उंच आणि एका हाताएवढा रुंद निघाला. पुढचे चाक उतरून गेलेले, मागचे यायचे आहे, आणि बांध बरोबर पोटाखाली. तिथे 9 म्हणजे पुरते 9.

आता हिशेब सोपा झाला. 20 टक्के कडक स्प्रिंग घातली की पाच माणसांचा दाब 32 वरून 27 मिलिमीटरवर येणार. कंपनीच्या मापापेक्षा दोन इंच खाली घेतली तर रिकामी गाडी 114, भरलेली 87. फाटकातच घासणार. एक इंच घेतली तर रिकामी 140 आणि भरलेली 113. बांधावर 23 मिलिमीटर शिल्लक. चिरंजीव बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. दोन इंचांचे स्वप्न त्यांनी वर्षभर बाळगले होते. शेवटी म्हणाले, "एक इंच." मी काही बोललो नाही. आकडे बोलले होते.

चाकांचे प्रकरण असेच गाजले. त्यांना 14 इंची रिम हवी होती, त्यावर 165/60 टायर. मी म्हटले, व्यास काढ. जुना टायर 145/70 आर 13. त्याची भिंत 145 च्या 70 टक्के, म्हणजे साडेएकशे एक मिलिमीटर. दोन भिंती आणि मधली रिम मिळून व्यास 533 मिलिमीटर. नव्याचा भरला 554. म्हणजे चाकाचा मध्य 10 मिलिमीटर वर जाणार. स्प्रिंगांवर पैसे घालून गाडी 25 खाली आणायची आणि टायरवर पैसे घालून 10 वर चढवायची! वर काटा 60 दाखवील तेव्हा खरा वेग 62 च्या पुढे असणार. 155/65 आर 13 चा व्यास मात्र 532 आला, जुन्यापेक्षा दीड मिलिमीटर कमी. टायर थोडा रुंद, भार पेलण्याचा आकडा 71 वरून 73, म्हणजे एका टायरमागे 345 किलोऐवजी 365. काटा जागच्या जागी. तेरा इंचावर तह झाला.

रिम जुन्या बाजारातून घ्यायच्या ठरल्या. झेनच्या चार बोल्टचे वर्तुळ 114.3 मिलिमीटरचे, म्हणजे साडेचार इंचांचे. स्विफ्टचे 100 चे. ती रिम कितीही देखणी असली तरी इथे बसत नाही, आणि "बसवून देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. एका दुकानात चार चकचकीत रिम स्वस्तात मिळत होत्या. मी आतल्या बाजूने बोट फिरवले तर एकीला वेल्डिंगचा सांधा लागला. पॉलिश पुढून असते, सांधा मागून असतो. पुढच्या दुकानात चांगल्या मिळाल्या.

या सगळ्यातून आमचा काटकसरीचा एक क्रम ठरला. जी वस्तू जमिनीला टेकते आणि जी गाडीला आवरते, ती नवी घ्यायची. जी फक्त दिसते, ती जुनी चालेल. त्याप्रमाणे नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, त्यांच्यावरची रबरे आणि बुश 11,500. मोजून वळवलेल्या स्प्रिंगा 7,000. चार नवे टायर 14,400. घेताना भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचून घेतले, कारण पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. जुन्या रिम 6,000. मजुरी, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट 3,500. गाडी खाली आली की चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट टाळली तर टायरची आतली कड झिजून जाते आणि वाचवलेले पैसे टायरच्या दुकानात द्यावे लागतात. बेरीज 42,400. वरचे 2,400 कोणी द्यायचे यावर बापलेकांत चर्चा चालू असताना आईने उशीखालचा बटवा काढला. "त्याला दे. माझ्याच दवाखान्याची गाडी हाय न्हवं?"

कायद्याचेही बोलले पाहिजे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले. नोंदणीपुस्तकात स्प्रिंगची उंची लिहिलेली नसते, असे गॅरेजवाले म्हणतात. पण लिहिलेले नाही म्हणजे परवानगी आहे असे होत नाही, हे मी चिरंजीवांना बजावले. विमा कंपनीला बदल लेखी कळवले, कारण न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगावर येऊ शकतो. जुन्या स्प्रिंगा तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. 2027 ला तपासणीत निरीक्षकाने मूळ स्प्रिंगा घाला म्हटले, तर मुकाट्याने घालायच्या. हे त्याने कबूल केले तेव्हाच पहिला बोल्ट सुटला.

जानेवारीत गाडी तयार झाली. हालोलच्या रस्त्यावर वळणावर ती पूर्वीसारखी झोकांडत नाही, हे मलाही जाणवले. बुड खाली, तोल बरा. शेजारच्यांना काही फरक दिसला नाही, याचे चिरंजीवांना थोडे वाईट वाटले. मला मात्र त्याचाच आनंद झाला.

आपल्याकडे कर्नाटकी बेंदराला बैलांची शिंगे रंगवतात, गोंडे बांधतात, झुली घालतात. याचा शेतीला उपयोग काय, असे कोणी विचारत नाही. चोवीस वर्षांच्या पोराने आपली गाडी सजवावी, यातही गैर काही नाही. शिंगे रंगवावीत. बैलाचा पाय आखूड करू नये, आणि दुसऱ्या दिवशी तो औताला चालला पाहिजे, एवढेच.

आमचा बैल औताला चालतो आहे. या जुलैत एका पावसाळी रात्री आईचा श्वास कोंडला. चिरंजीवांनी गाडी काढली. मी मागे आईचे डोके मांडीवर घेऊन बसलो होतो. फाटकातला बांध आला तसा माझा हात आपोआप सीटच्या कडेवर आवळला. पुढची चाके उतरली, क्षणभर काहीच झाले नाही, मग मागची उतरली. खालून आवाज आला नाही. रस्त्यावर घोट्याएवढे पाणी होते, त्यातून गाडी सावकाश निघाली. मुलगा आरशातून आजीकडे आणि समोर रस्त्याकडे आळीपाळीने बघत होता. वळणे त्याने अशी घेतली, की आईच्या डोक्याखाली माझी मांडी हललीसुद्धा नाही. चार दिवसांनी ती त्याच गाडीतून घरी आली.

तिची एक तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. गाडी पूर्वीपेक्षा कडक झाली, खड्ड्यात कमरेला लागते. नातवाने तिच्या जागेवर एक जाड उशी कायमची शिवून बसवली आहे. परवा दवाखान्यातून परतताना त्या उशीवर ती टेकून बसली होती आणि चिरंजीव उत्साहाने सांगत होते, की आता फक्त एक सायलेन्सर बदलला, आवाज जरा भारदस्त झाला, की गाडी पुरी झाली.

आईने डोळे न उघडता आडवा हात केला. "साकु."